शिवीच्या दगडावरची बाई

तुमच्या सदरातले अनुभव मी आजवर चिडूनच वाचत आले. कुणाला किल्ल्यावर घोड्यांच्या टापा ऐकू येतात, कुणाच्या मावसभावाला भुयारात राजाचा खजिना दाखवून एक म्हातारा गायब होतो... इतिहासातल्या अजब गोष्टी म्हणे! मी एकाही गोष्टीवर विश्वास ठेवला नाही. आमची संघटना असल्याच भाकडकथांविरुद्ध पत्रकं काढते आणि त्यातली बरीचशी मीच लिहिते. लिंबातून रक्त काढणाऱ्या एका भगताला मी भर बाजारात सुरी धुवायला लावली होती. नंतर कापलेल्या लिंबातून नुसता रस निघाला आणि भगताची टोपी वाकडी झाली. तेव्हा मला भोळी समजून उपदेशाची पत्रं पाठवू नका. जे पाहिलं ते लिहिते. पाहिलं ते दिवसाढवळ्या, आणि शेजारी गाव उभं होतं.

मी भिवंडीची, नारपोलीची. वडील लूमवर, आई मागासाठी सुताची कांडी भरायला. आमच्या घराच्या भिंतीला हात लावला तरी शेजारच्या कारखान्याचा हादरा लागतो. ही गोष्ट मात्र शहरातली नाही. पडघ्याच्या अलीकडे हायवे सोडून आत वळलं की एक पाडा लागतो. नाव लिहीत नाही, कारण आहे. नव्वदनंतर हायवेच्या दोन्ही अंगांना गोदामं उठायला लागली होती. या पाड्याचं गुरचरण – म्हणजे गावाच्या गुरांसाठी राखलेलं रान – एका दलालाच्या डोळ्यांत भरलं. सगळे त्याला शेठ म्हणायचे. कागदावर ते रान कसं फिरलं हे आम्हाला कळेपर्यंत त्याचे कुंपणाचे खांब येऊन पडलेसुद्धा. कोर्टात जायला पाड्याकडे ना वकील होता ना ऐपत.

त्या रानाच्या कडेला एक दगड होता. कमरेइतका जमिनीवर, बाकीचा मातीत. वर सूर्य आणि चंद्र कोरलेले, त्याखाली झिजलेल्या अक्षरांच्या दोन-तीन ओळी, त्याखाली माती. दरवर्षी शेतात पेरणीआधीचे राब भाजून झाले की पाड्यातले पुरुष त्या दगडाभोवती मातीची भर घालायचे आणि तेवढ्या वेळात बायकांनी तिकडे फिरकायचं नाही, अशी पद्धत. भर घालून झाली की बायकांना बोलावणं. त्यांनी त्या ढिगावर शेणाने सारवायचं, खण ठेवायचा, हिरव्या बांगड्या वाहायच्या. त्या दगडाला त्या ‘आई’ म्हणायच्या. मातीखाली आईचं रूप आहे आणि ते बघायचं नसतं, एवढंच त्यांना सासवांनी सांगितलेलं. मूल होत नाही म्हणून, नवरा पितो म्हणून, म्हैस आटली म्हणून... सगळी गाऱ्हाणी तिथे. आणि मातीखाली काय आहे, हे पुरुषांना माहीत होतं. बापाने मुलाला सांगायचं, हसायचं, गप्प बसायचं.

मला कळलं ते भिवंडीतल्या एका व्याख्यानात. एक निवृत्त मास्तर आमच्या भागातल्या जुन्या दगडांच्या स्लाइड दाखवत होते. एका स्लाइडवर तोच सूर्य, तोच चंद्र. खाली गाढव, आणि गाढवाच्या खाली बाई. याला गधेगाळ म्हणतात, मास्तर म्हणाले. शिलाहार राजांच्या काळापासून कोकणात असे दगड उभे केलेले आहेत. राजाने जमीन दान दिली की सीमेवर हा दगड. सूर्य-चंद्र आहेत तोवर हे दान टिकेल, आणि जो मोडेल त्याच्या आईचं असं होईल. ‘असं’ म्हणजे काय ते चित्रात होतंच, तरी मास्तरांनी खाकरून घेतलं. सभागृहात दोघंतिघं हसले.

माझं डोकं फिरलं. जमीन लाटणार बाप्या, आणि शिक्षा त्याच्या आईला! शतकानुशतकं ती तशी पडून आहे, पावसात, उन्हात, दुसऱ्याच्या लबाडीला धाक म्हणून. तुम्हाला इतिहासातली अपरिचित, अजब गोष्ट हवी ना? ही घ्या. शाळेच्या पुस्तकात राजाचं दान येतं. त्या दानाखाली कुणाला झोपवलं ते येत नाही.

पण माझ्यातली कार्यकर्ती लगेच दुसरा हिशोब करत होती, तेही लिहिते. तो दगड म्हणजे या रानाला कुणी हात लावू नये याचा जुना पुरावा. प्राचीन वास्तूंचं खातं येऊन ‘हा गधेगाळ आहे’ असं लिहून गेलं, तर दगडाभोवतीचं खोदकाम तरी थांबेल. शेठलाही हे कळलं असावं. कारण त्याने एकदम भक्तिभाव दाखवायला सुरुवात केली – आईचा दगड उचलून हायवेला नेतो, संगमरवरी देऊळ बांधून देतो. पाड्यातले निम्मे पुरुष खूष. लाइट लागणार, भजन होणार, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकवाल्यांचे नारळ फुटणार...

आम्ही पत्रक काढलं. ‘देऊळ नको, रान हवं’. आणि दगड उघडा करायचा दिवस ठरवला. मी अट घातली की बायका समोर पाहिजेत. दत्ताभाऊ, आमच्या संघटनेचे ज्येष्ठ, मला बाजूला घेऊन म्हणाले की बायकांना ते सहन होणार नाही, श्रद्धेचा प्रश्न आहे. मी म्हटलं, इतकी वर्षं शेण त्यांनी सारवलं, बघायचा हक्क कुणाचा?

फोटोसाठी मी इक्बालभाईंना घेऊन गेले. त्यांचा भिवंडीत मंडईजवळ स्टुडिओ आहे, घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, कोकणी. मातीबाहेर गाढवाचे कान आले तेव्हा ते कॅमेऱ्यामागून म्हणाले, “ताई, मी निकाहचे फोटो काढणारा माणूस. ये क्या दिखा रही हो मेरे को?” पोरं हसली. मग दत्ताभाऊंनी आणखी माती ओढली आणि ती दिसली. मग कुणी हसलं नाही.

लहानशी होती, वीतभर. केस बांधलेले. हातात बांगड्या कोरलेल्या. तोंड बाजूला वळवलेलं, आमच्याकडे. कोरणाऱ्याने तिला डोळे दिले होते, आणि ते उघडे होते. मी त्याच्यावर अजून चिडलेली आहे.

बायका पाठीमागे उभ्या होत्या. पुढे आली ती जानकीकाकी. दिघाशीची माहेरवाशीण, या पाड्यात लग्न करून आलेली, चार म्हशींच्या जिवावर घर चालवणारी. तिच्यासाठी हे रान म्हणजे त्या म्हशी, आणि म्हशी म्हणजे दुसऱ्याच्या दारात न जाता मिळणारी भाकरी. तिने दोन्ही पोरींच्या वेळी इथे ओटी भरली होती. ती खड्ड्यात उतरली, उकिडवी बसली आणि पदराने त्या बाईच्या तोंडावरची माती पुसली. बराच वेळ पुसत होती. मग मागे वळून पुरुषांकडे बघून म्हणाली, “तुमाना ठावा होता?”

तिचा नवरा पायाने ढेकूळ फोडत उभा होता.

मग ती दगडाकडे वळून हळूच, पोरीशी बोलावं तसं बोलली, “किती दिस पडून ऱ्हायलीस गो बाय... ऊठ आता.” मला वाटलं, आता अंगात येणार. तशी वेळ आली तर काय करायचं याची तयारी मी ठेवलेलीच असते. पण तसं काही झालं नाही. ती उठली, हात झटकले आणि म्हशींकडे गेली.

इक्बालभाईंनी फोटो काढले. जुनी माणसं कुरकुरायला लागली म्हणून पुरुषांनी त्याच दिवशी पुन्हा भर घातली. या वेळी बायका हलल्या नाहीत. भर झाल्यावर जानकीकाकीने स्वतः सारवलं. सारवताना बोटांच्या ज्या अर्धगोल रेघा उठतात ना, त्या प्रत्येकीच्या वेगळ्या. काकीचं करंगळीचं पेर लहानपणी विळ्याने गेलेलं, त्यामुळे तिच्या सारवणात एक रेघ तुटकी. पाड्यात कुणालाही ओळखता येते.

मी फोटो घेऊन खात्याच्या साहेबाच्या दारात किती फेऱ्या घातल्या ते सांगत बसत नाही. आला एकदाचा, जीपमधून, दुपारचा. शेठही आला, पांढरी पॅण्ट, हातात नारळ. सारवण वाळून कडक झालं होतं. त्यावर काकीची तुटकी रेघ जशीच्या तशी होती, कुठे भेग नाही. हे मी एकटीने पाहिलेलं नाही. पाड्यातल्या बायकांनी पाहिलं, दत्ताभाऊंनी पाहिलं, इक्बालभाईंनी तर आधी त्याचाच फोटो काढला.

साहेबाच्या शिपायाने खणलं. सूर्य-चंद्र, अक्षरं, गाढवाचे कान, पाठ. गाढवाचे पुढचे दोन पाय हवेत. आणि खाली कुणी नाही.

मला आधी वाटलं, माती चिकटलीय. मीच खड्ड्यात उडी मारली आणि हाताने चोळलं. साधा सपाट दगड. पाणी ओतलं. सपाट. बाईच्या जागी खड्डा नव्हता, ओरखडा नव्हता, काळ्या दगडावर छिन्नी मारली की जी पांढुरकी खपली दिसते तीही नव्हती. आजूबाजूचा दगड जितका जुना, तितकीच ती जागा जुनी. आणि गाढव हवेत पाय टाकून मूर्खासारखं उभं.

साहेब हसला. “अहो ताई, यात बाई कुठाय? हे गाढव दिसतंय. घोडाही असेल.”

मी फोटो पुढे धरला. तो म्हणाला, हा दुसऱ्या दगडाचा आहे. मी दाखवलं – चंद्राशेजारी टवका उडालाय तो बघा, तिसऱ्या ओळीवरची भेग बघा, फोटोत आहे, दगडावर आहे. त्याने फोटो उलटा करून पाठ बघितली, परत दिला आणि शिपायाला विचारलं, जेवायचं कुठे. माझ्या जागी कुणी कोट घातलेला प्राध्यापक असता तर साहेबाने निदान चष्मा तरी काढून बघितलं असतं. मी नारपोलीची, पायात स्लिपर, हातात पत्रकं. माझ्या फोटोतली बाई त्याच्या लेखी आधीपासूनच खोटी होती.

मी शेठवर धावून गेले. तूच छिन्नी फिरवलीस, पैसे चारून रात्रीत माणसं घातलीस, असं चारचौघांत ओरडले. तो शांतपणे म्हणाला, “ताई, मला रात्रीत माणसं घालायची असती तर मी पूर्ण दगडच नेला असता. अर्धा कशाला ठेवू?” त्या माणसाच्या तोंडून मी आयुष्यात ऐकलेली ही एकमेव खरी गोष्ट, आणि ती मला खोडता आली नाही. ते सारवण न मोडता खाली जायचं कसं? उठावाची मूर्ती पाठीचा दगड न खरवडता काढायची कशी? मी पुढे दोन पाथरवटांना आणून दाखवलं. दोघांनी बोट फिरवलं. एक म्हणाला, इथे कधी काही कोरलेलंच नाही. दुसऱ्याला मी फोटो दाखवला तर तो चहासुद्धा न घेता निघून गेला.

खरा संताप यायचा होता तो पुढे. साहेबाने जाताना एवढं म्हटलं होतं की तुमच्या फोटोसारखं काही सापडलं तर कळवा, परत येऊ. दत्ताभाऊंनी ते धरून ठेवलं. पाड्यावर सभा घेतली आणि म्हणाले की आपण पाथरवट आणू, फोटोवरून होती तशी बाई कोरून घेऊ, वर माती चोळू, साहेबाला बोलावू. यात खोटेपणा नाही, जे होतं तेच आपण परत ठेवतोय. रान वाचेल. पुरुषांना पटलं. ज्यांना हायवेचं देऊळ हवं होतं त्यांनाही पटलं.

आयुष्यभर खोटे चमत्कार उघडे करणारा माणूस मला हे सांगतोय! पण उठून विरोध करू तर पर्याय काय देऊ? माझ्या पिशवीत पत्रकांशिवाय काही नव्हतं. रान गेलं तर म्हशी जाणार होत्या त्या माझ्या नव्हत्या.

जानकीकाकी मागे बसली होती. ती उभी राहिली आणि म्हणाली, “न्हाय. ती गेली ती गेली. तिला परत तिथं न्हाय झोपवायची.”

कुणीतरी म्हणालं, काकी, दगडाची बाई ती, तिला काय कळतंय? आणि तिच्यापायी तुझ्याच म्हशी उपाशी मरतील.

“मंग तुमी झोपा तिच्या जागंला,” काकी म्हणाली. “फोटो काढाला इक्बालभाई हायेतच.”

बायका अशा हसल्या की सभा तिथेच मोडली. एका म्हाताऱ्याने काकीच्या नवऱ्याला सांगितलं, बायकोला आवर. नवऱ्याने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाला, तू आवरून दाखव. त्या माणसाला मी तोवर बोलताना ऐकलं नव्हतं. पाथरवट आला नाही. आला असता तरी बायकांनी आळीपाळीने दगडापाशी बसून त्याला हात लावू दिला नसता हेही खरं.

रान गेलं. मोर्चा काढला, तहसीलपुढे बसलो, लाठ्या नाही पण धक्के खाल्ले. वर्षभरात तारेचं कुंपण आलं, मग पत्र्याचं गोदाम. दगड कुंपणात येत होता म्हणून शेठच्या माणसांनी उपटून नाल्याच्या कडेला टाकला. देऊळ काही झालं नाही – आई नसलेल्या दगडाचं देऊळ कोण बांधणार? दत्ताभाऊ आणि मी आता एका व्यासपीठावर बसत नाही. ते म्हणतात, एका हट्टी बाईपायी लढा गेला. मी म्हणते, लढा शेठने आणि साहेबाने खाल्ला. तुम्हाला त्यांची नावं घ्यायची हिंमत नाही म्हणून बाईचं घेता.

जानकीकाकी हल्ली नारपोलीत येते, माझ्या आईच्या शेजारच्या मशीनवर कांडी भरते. सकाळी टेम्पोने येते, संध्याकाळी उभी राहून परत जाते. तिच्या कानात कापसाचे बोळे असतात, त्यामुळे ओरडून बोलावं लागतं. मागच्या उन्हाळ्यात डबा खायला बाहेर बसलो होतो तेव्हा मी विचारलंच. राहवलं नाही. म्हटलं, काकी, त्या दिवशी कोरू दिलं असतंस तर कदाचित आज तू तुझ्या रानात असतीस. कधी मनात येत नाही?

तिने घास संपवला. “म्हशी इकल्या,” ती म्हणाली. “तिला कशाला इकू?” आणि मला लोणचं वाढलं.

आता तुमचे तर्क. पाठवायची तसदी घेऊ नका, मी सगळे करून बसले आहे. खणताना दुसऱ्या बाजूने खणलं? दगडाला एकच कोरीव बाजू आहे. फोटोची भानगड? निगेटिव्ह इक्बालभाईंकडे आहे. एकाच रोलमध्ये आधी एक लग्न, मग ती बाई. इक्बालभाई ते विकत नाहीत, कुणाला देतही नाहीत. एका पत्रकाराला त्यांनी सांगितलं, “निगेटिव्ह का जिम्मा मेरा. पत्थर का मला विचारू नका.” आमच्या सगळ्यांना भास झाला? जिने खड्ड्यात उतरून पदराने तोंड पुसलं त्या काकीला, तिच्या नवऱ्याला, मला, दत्ताभाऊंना, कॅमेऱ्याला... एकच भास? मीच असा खुलासा वाचला असता तर त्यावर पत्रक काढलं असतं.

माझ्याकडे उत्तर नाही. हे लिहितानाही लाज वाटते, कारण उद्या कुठला तरी भगत हाच अंक नाचवत म्हणेल, बघा, आता यांनीही मानलं. मी काही मानलेलं नाही. एक कोरलेली बाई दगडावरून गेली एवढंच मला माहीत आहे. कशी गेली ते माहीत नाही. कशासाठी गेली ते मात्र कुणी मला विचारू नये. तिथे ज्या अवस्थेत तिला ठेवलं होतं, त्यानंतर हा प्रश्न विचारणाऱ्याला मी चांगल्या भाषेत उत्तर देईन असं नाही.

आणि कोकणात फिरताना तुमच्यापैकी कुणाला एखादा दगड दिसला – वीतभर बाई, केस बांधलेले, बांगड्या, एकटी उभी – तर फोटो काढू नका. कुठल्याही खात्याला कळवू नका. मलासुद्धा कळवू नका.